‘सिली गेम्स’मधला तो वरचा सूर कुणासाठी होता?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लंडनच्या जॅनेट केचं ‘सिली गेम्स’ हे रेगे गाणं १९७९ साली एवढं हिट कसं झालं, त्यातला तो जीवघेणा वरचा सूर आधीपासून ठरलेला होता की स्टुडिओत गाता गाता सुचला, आणि तुमच्या बँडला हे गाणं बसवायचंय तर कुठे लक्ष द्यायचं. मी बेस वाजवतो, पुण्यात आणि सीझनला गोव्यात, अरेंजमेंटची कामंही करतो आणि रेगेचा सेट लागला की हे गाणं त्यात असतंच, त्यामुळे जरा लांबड लागेल, पण एकदा नीट सांगूनच टाकतो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यातून निघतं. सूर ठरलेला होता. गायिका मिळायच्या आधीपासून ठरलेला होता. आणि तो गायिकेचा आवाज मिरवायला घातलेला नव्हता, डान्सला आलेल्या पोरींनी तो गायचा प्रयत्न करावा म्हणून घातला होता. हे कळलं की गाण्याची बाकीची बांधणी आपोआप उलगडते. बहुतेक कव्हर बँड नेमकं हेच विसरतात आणि मग म्हणतात की गाणं चाललं नाही.

हे गाणं लिहिलं आणि प्रोड्यूस केलं डेनिस बोवेलने. जन्म १९५३ चा, बार्बाडोसचा, बारा वर्षांचा असताना लंडनला आला. म्हणजे रेगे जिथला त्या जमैकाचाही नाही बरं का, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. शाळेच्या वयापासून बँड, मग माटुंबी नावाचा रेगे बँड, आणि त्याच्या जोडीला स्वतःची साउंड सिस्टिम, जाह सफरर. साउंड सिस्टिम म्हणजे आपल्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती डोळ्यासमोर आणा, फक्त त्या रस्त्यावर नाहीत तर एका बंद हॉलमध्ये किंवा कुणाच्या तरी घराच्या तळघरात रचलेल्या आहेत, आणि त्यातून बेस असा येतो की छातीत जाणवतो. प्रत्येक सिस्टिमचं नाव, चाहते, भांडणं, आणि दुसऱ्या कुणाकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे असावी याची खुमखुमी. गाणं बाजारात यायच्या आधी त्याची एक प्रत कापून घ्यायची, तिला डबप्लेट म्हणतात, ती शनिवारी रात्री वाजवायची आणि लोक काय करतात ते बघायचं. लोक थंड राहिले तर पुन्हा स्टुडिओत. बोवेल या शाळेत तयार झालेला माणूस. तो गाणं ऐकणारा नव्हता, गाणं ऐकणाऱ्यांकडे बघणारा होता, आणि ते दोन वेगळे धंदे आहेत.

या साउंड सिस्टिमपायी त्याने तुरुंगही बघितला. १९७४ मध्ये लंडनच्या क्रिकलवुड भागात कॅरिब क्लबमध्ये डान्स चालू असताना पोलिसांची धाड पडली, हाणामारी झाली, आणि गर्दीला चिथावलं म्हणून बोवेलवर खटला. काही महिने आत काढले, नंतर अपिलात सुटला. असा माणूस बाहेर येऊन संतापाची गाणी करेल असं वाटतं ना? ती त्याने केलीच. लिंटन क्वेसी जॉन्सन या कवीच्या पोलिसी अत्याचारांवरच्या कवितांना संगीत देणारा हाच बोवेल, ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’ हा त्यांचा अल्बम १९७९ चाच. स्लिट्स नावाच्या पंक पोरींचा ‘कट’ हा अल्बम प्रोड्यूस करणाराही हाच, तोही १९७९ चा. आणि त्याच वर्षी ‘सिली गेम्स’. एका माणसाचं एक वर्ष! मला कुणी प्रोड्यूसर कसा असावा विचारलं तर मी हे वर्ष दाखवतो.

आता ज्या प्रकारात हे गाणं बसतं तो प्रकार म्हणजे लव्हर्स रॉक. नावात रॉक आहे म्हणून गिटार सोलो शोधू नका. हा इंग्लंडात जन्मलेला रेगे. त्या काळात जमैकाहून येणारा रेगे म्हणजे रूट्स, म्हणजे रास्ताफारी हा तिथला धर्मपंथ, आफ्रिका, देव, जुलूम, आणि गाणारे जवळपास सगळे पुरुष. साउंड सिस्टिमवर रात्रभर तेच वाजायचं, पोरं भिंतीला टेकून मान डोलवायची आणि पोरी कंटाळायच्या. या पोरी लंडनमध्येच वाढलेल्या, घरी आईवडील जमैकन, कानावर अमेरिकन सोल, शिकागो आणि फिलाडेल्फियाची गुळगुळीत गाणी. त्यांना बेस रेगेचा हवा होता पण वर सूर सोलचे हवे होते. १९७५ मध्ये लुइसा मार्क नावाच्या शाळकरी मुलीने ‘कॉट यू इन अ लाय’ गायलं, लॉइड कॉक्सोन या साउंड सिस्टिमवाल्याने प्रोड्यूस केलं, मागे वाजवायला माटुंबी, म्हणजे बोवेलचाच बँड. तिथून गाडी सुरू झाली. मग साउथ लंडनमध्ये डेनिस हॅरिसने ‘लव्हर्स रॉक’ याच नावाचं लेबल काढलं, बोवेल तिथेही, आणि लेबलचं नाव प्रकारालाच चिकटलं. ब्राउन शुगर नावाचा मुलींचा ग्रुप याच लेबलवरचा, त्यातली कॅरन व्हीलर पुढे सोल टू सोल या ग्रुपमधून जगभर गाजली.

ही गाणी वाजायची कुठे, तर ब्लूज पार्टीत. ब्लूज म्हणजे इथे ते अमेरिकन ब्लूज नाही. कुणाच्या तरी घरातली एक खोली रिकामी करायची, कार्पेट गुंडाळायचं, सिस्टिम लावायची, दाराशी थोडे पैसे घ्यायचे, स्वयंपाकघरात बकऱ्याचं मटण आणि भात, बिअर. हौस म्हणून नाही, तर गावातल्या डिस्कोच्या दारावर काळ्या पोरांना आत सोडायचे नाहीत म्हणून. बाहेर पोलीस नुसत्या संशयावरून उचलत होते, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक मोर्चे काढत होते, १९७६ च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये दंगल झालेली. आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये साउथॉलला, आपल्या पंजाबी लोकांची वस्ती तिथे, नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला आणि मिस्टी इन रूट्स या रेगे बँडच्या मॅनेजरचं डोकं फुटलं. त्यानंतर काही आठवड्यांत ‘सिली गेम्स’ चार्टवर चढायला लागलं. म्हणून लव्हर्स रॉकला कुणी ‘हलकंफुलकं, राजकारण नसलेलं’ म्हटलं की मला राग येतो. त्या पोरापोरींना आठवडाभर बाहेर जे सोसावं लागत होतं ते बघता एका अंधाऱ्या खोलीत दोघांनी हळू नाचणं ही काही छोटी गोष्ट नव्हती. पण हे माझं मत, वाद घालायचा असेल तर घाला.

आता सूर. बोवेलने मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्याच्या डोक्यात मेमोरेक्स कॅसेटची जाहिरात होती. त्यात अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड एक उंच सूर लावते आणि काचेचा ग्लास फुटतो, मग कॅसेटवर रेकॉर्ड केलेला तोच सूर वाजवतात आणि पुन्हा ग्लास फुटतो. बोवेलच्या मनात आलं की असा एक सूर गाण्यात टाकला तर डान्समधली प्रत्येक पोरगी तो लावून बघणार. काहींना जमेल, बहुतेकींचा फाटेल, सगळ्या हसतील, आणि पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करतील. डीजेच्या जागी उभं राहून अशी किती गाणी लोकांनी नुसती ऐकून सोडून दिलेली त्याने बघितली असतील! त्याला लोकांच्या तोंडात बसणारं गाणं हवं होतं.

मग हा सूर लावणार कोण? इथे जॅनेट के येते. जन्म १९५८, वायव्य लंडनमधलं विल्सडन, आईवडील जमैकाचे. सेक्रेटरीचं काम करायची, गाणं शिकली वगैरे नव्हती. १९७७ मध्ये एका रिहर्सलच्या जागी सहज गुणगुणत होती ते आस्वाद या बँडच्या पोरांनी ऐकलं आणि त्यांनी तिला ऑल्टन एलिसकडे पाठवलं. ऑल्टन एलिस म्हणजे जमैकाच्या रॉकस्टेडीचा, रेगेच्या आधीच्या संथ प्रकाराचा, बाप माणूस, तेव्हा लंडनला होता. त्याने तिच्याकडून मिनी रिपर्टनचं ‘लव्हिंग यू’ रेगेत गाऊन घेतलं. मूळ गाणं तुम्ही ऐकलं असेल, त्यात तो चिमणीसारखा उंच सूर आहे, भलेभले तिथे हात टेकतात, आणि ही ऑफिसात टायपिंग करणारी मुलगी तिथे सहज जाऊन आली. ते रेगेच्या चार्टवर पहिलं आलं. बोवेलला आपली गायिका सापडली. (मिनी रिपर्टन १२ जुलै १९७९ ला कॅन्सरने गेली, वय अवघं ३१. ‘सिली गेम्स’ गाजत होतं तो हाच उन्हाळा.)

गाण्याची गोष्ट अगदी साधी आहे. एका मुलीला एक मुलगा कधीपासून आवडतो, त्यालाही ती आवडते हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसतं, पण भेटले की दोघंही लपाछपी खेळतात. आपणच पुढे होऊन बोलावं का, आणि त्याने नाही म्हटलं तर? मग ती वैतागून म्हणते की मला असले खेळ खेळायला वेळ नाही, आणि त्या ‘खेळ’वर आवाज वर जातो. बघा, सूर नुसता मध्येच चिकटवलेला नाही. सगळं कडवं ती हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलते, दबून, आणि जिथे धीर सुटतो तिथेच गळा वर जातो. लिहिलंय पुरुषाने, पण बोलतेय मुलगी, आणि ती रडत बसलेली नाही. त्या आधी चार्टवर आलेला प्रेमाचा रेगे बघा. केन बूथचं ‘एव्हरीथिंग आय ओन’ १९७४ मध्ये इंग्लंडात पहिलं आलं, जॉन होल्टचं ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ त्याच सुमाराचं, दोन्ही दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर. जॅनेटचं आधीचं ‘लव्हिंग यू’सुद्धा कव्हरच. ‘सिली गेम्स’ मात्र खास याच लोकांसाठी, याच खोलीसाठी नव्याने लिहिलेलं. माझ्या मते निम्मं यश इथेच आहे.

उरलेलं निम्मं ड्रम्समध्ये. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

रेगेत चार मात्रा मोजा. गिटारचा तो तुटक ठोका, ज्याला स्कँक म्हणतात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजवायचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम) दोन्ही एकत्र तिसऱ्यावर मारतो. आणि पहिल्या मात्रेवर? काही नाही. आपल्याकडे ज्या समेवर सगळे माना हलवतात आणि एकत्र येतात, तीच जागा इथे मोकळी. याला वन ड्रॉप म्हणतात. याच्याशिवाय स्टेपर्स आहे, त्यात किक प्रत्येक मात्रेवर, पाय आपटत चालल्यागत. आणि सत्तरच्या दशकात स्लाय डनबारने जमैकात रॉकर्स आणलं, त्यात ड्रम्स जास्त भरलेले, जास्त आक्रमक. म्हणजे त्या काळात प्रत्येक मोठ्या ड्रमरच्या नावावर एक चाल होती आणि सगळ्या चाली जमैकातून यायच्या, लंडनवाले त्यांची नक्कल करायचे. बोवेलला लंडनची स्वतःची चाल हवी होती. त्याने ती मनात बांधली आणि आस्वादचा ड्रमर अँगस गे, ज्याला सगळे ड्रमी झेब म्हणायचे, त्याला समजावली. झेब तेव्हा विशीच्या आतला पोरगा. (आस्वादचं ‘डोन्ट टर्न अराउंड’ १९८८ मध्ये इंग्लंडात पहिलं आलं, त्यात गाणाराही हाच. २०२२ मध्ये गेला.)

गाणं हेडफोन लावून ऐका आणि फक्त हाय-हॅटकडे, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या थाळ्यांच्या जोडीकडे, कान द्या. साध्या रेगेत हाय-हॅट वेळ मोजायचं काम करतो. इथे तो बोलतोय. उघडतो, मिटतो, मध्येच दुमडतो, आणि त्याच्यामुळे गाणं संथ असूनही आत काहीतरी सळसळत राहतं. मुलगी बाहेरून शांत आहे पण आतून अस्वस्थ आहे ना, ते तिच्या आवाजात नाही तर हाय-हॅटमध्ये आहे. हे मी कवितेसारखं बोलतोय असं वाटेल, पण ड्रमरला साधं वन ड्रॉप वाजवायला सांगून तेच गाणं गाऊन बघा, अर्ध्या मिनिटात कळेल की काय गेलं.

हिट कसं झालं तर आधी बोवेलच्या अरावाक या छोट्या लेबलवर आलं, साउंड सिस्टिमवाल्यांनी उचललं, मग स्कोप नावाच्या लेबलने ते मोठ्या बाजारात नेलं. जॅनेट बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर दिसली, आणि १९७९ च्या उन्हाळ्यात गाणं राष्ट्रीय चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. दुसरा नंबर म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा चार्ट मोजला जायचा तो ठरावीक दुकानांतल्या विक्रीवरून, आणि लोक रेगे विकत घ्यायचे ती लंडनच्या ब्रिक्स्टन-हार्ल्सडनमधली छोटी खास दुकानं त्या यादीत फारशी नसायचीच. लव्हर्स रॉकची कितीतरी गाणी अशी धडाधड खपली आणि चार्टवर दिसलीच नाहीत. त्यामुळे जे गाणं तो उंबरठा ओलांडून दुसऱ्या नंबरवर पोचलं ते प्रत्यक्षात किती घराघरांत गेलं असेल याचा अंदाज करा. आणि गाणारी इंग्लंडात जन्मलेली काळी मुलगी. १९७८ ला पहिलं आलेलं ‘अपटाउन टॉप रँकिंग’ गाणाऱ्या आल्थिया आणि डोना जमैकाच्या होत्या. ही विल्सडनची. शाळेतल्या पोरींना टीव्हीवर आपल्याच गल्लीतली वाटावी अशी.

‘मग पुढे काय, वन हिट वंडर का?’ हा प्रश्न हटकून येतो. राष्ट्रीय चार्टपुरतं बोलायचं तर जवळपास हो, १९९० मध्ये लिंडी लेटनबरोबर याच गाण्याचं नवं रूप पुन्हा चार्टवर आलं तेवढंच. पण चार्ट म्हणजे सगळं नाही. ती चॅनेल फोरवरच्या ‘नो प्रॉब्लेम!’ या विनोदी मालिकेत होती, आणि पुढे जपानमध्ये तिचं असं काही नाव झालं की तिथल्या लोकांसाठी लव्हर्स रॉक म्हणजे जॅनेट के. आपल्याकडे ‘एकच गाणं चाललं’ हे हिणवून म्हणतात, मला त्यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही. पन्नास वर्षं होत आली तरी वाजणारं एक गाणं कुणाच्या नशिबात असतं?

२०२० मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने बीबीसीसाठी ‘लव्हर्स रॉक’ नावाचा चित्रपट केला, त्यात १९८० मधली एक ब्लूज पार्टी आहे आणि मधोमध हे गाणं. रेकॉर्ड संपते, पण नाचणारे थांबत नाहीत, वाद्यांशिवाय सगळे गात राहतात, चांगली काही मिनिटं, नुसता पायांचा आवाज आणि गळे. दिग्दर्शकाने सांगितलंय की ते असं लांबेल हे ठरलेलं नव्हतं, कॅमेरा चालू होता आणि लोक गात राहिले. त्या गर्दीत एक दाढीवाला म्हातारा दिसतो, तो स्वतः डेनिस बोवेल. तो प्रसंग नीट बघा, कारण त्यात वरच्या सुराचं काय होतं ते बसवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं आहे. कुणाचा लागतो, कुणाचा चिरकतो, कुणी डोळे मिटून नुसतं तोंड उघडतं. एक्केचाळीस वर्षांनी बोवेलचा डाव पडद्यावर जसाच्या तसा.

आता तुमच्या बँडचं.

पहिली भानगड गायिकेची. रिहर्सलच्या पहिल्याच दिवशी ती म्हणणार, ‘दादा, दोन सूर खाली घेऊया का?’ माझं उत्तर नाही. गायिकेला त्रास व्हावा म्हणून नाही. सूर खाली आणला की समोरच्या लोकांना तो आरामात लागतो, आणि आरामात लागला की गंमत संपली, कुणी एकमेकांकडे बघून हसत नाही, कुणी ‘अगं परत, परत’ म्हणत नाही. फारच अडचण असेल तर एक अर्धा सूर खाली, त्याच्या पुढे नाही, त्यापेक्षा दुसरं गाणं घ्या. आणि तिला सांगा की छातीचा आवाज रेटत वर न्यायचा नाही. आपल्याकडे लाइव्ह शोमध्ये वरचा सूर आला की जोर लावायचा, हात वर करायचा, टाळ्या घ्यायच्या अशी सवय आहे, रिअॅलिटी शोंनी ती आणखी पक्की केलीय. जॅनेट के काय करते ते ऐका. वर जाताना ती आवाज मोठा करत नाही, उलट हलका करते, डोक्यातून काढते. सूर उंच आहे पण गाणारी ओरडत नाही. माइक थोडा लांब धरा, बस.

दुसरी भानगड ड्रमरची. आमच्याकडे एक पोरगा होता, ऑर्केस्ट्रात वाढलेला, हात सोन्याचे, पण समेवर किक मारल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडायची नाही. त्याला सांगितलं, चार ओळी पहिल्या मात्रेवर काही वाजवायचं नाही. दोन ओळी व्हायच्या आणि तिसरीत पाय पडायचा, मग स्वतःच जीभ चावायचा. शेवटी किकचं पेडल काढून ठेवलं आणि फक्त हाय-हॅट आणि स्नेअरच्या कडेवर गाणं वाजवून घेतलं, गायिकेशिवाय, बेसबरोबर. तासाभरात बसलं. तुमचा ड्रमर ऑर्केस्ट्राचा किंवा रॉकचा असेल तर हेच करा. आधी हाय-हॅटची चाल, ती तोंडाने म्हणता आली पाहिजे, किक सगळ्यात शेवटी.

बेसबद्दल मी जास्त बोललो तर पक्षपात वाटेल, पण बोलतोच. जुन्या, चमक गेलेल्या तारा, टोनचा खटका जवळजवळ बंद, बोटांनी वाजवा आणि तळहाताची कड तारांवर हलकी टेकवा म्हणजे सूर लांबत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे वाजवायचं नाही ते. ओळ वाजवली की सोडून द्या, रिकामी जागा दिसली म्हणून भरू नका. अंगठ्याने तार आपटून स्लॅप केलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

कीबोर्डवाल्याला मधली जागा सोडायला सांगा. डाव्या हाताने जाड कॉर्ड धरून बसला तर गायिकेचा आवाज आणि लोकांचा आवाज दोन्ही त्यात बुडतात. सिस्टिमवर हे गाणं चालायचं कारण हेच, खाली बेस, वर हाय-हॅट आणि गळा, आणि मध्ये माणसांना गायला मोकळी जागा. गिटार पातळ ठेवा, खालचा बेस कापून टाका, तुटक. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की गायिकेवर भरमसाट रिव्हर्ब, म्हणजे हॉलमधली घुमणारी छटा, नको, फक्त कडव्याच्या शेवटच्या शब्दांवर डिले, म्हणजे एको, तोही हाताने सोडायचा आणि हाताने ओढायचा. बारा इंची रेकॉर्डचं लांब रूप मिळालं तर त्यावर सराव करा, त्या काळी रेगेच्या बारा इंचीत गाण्याला जोडूनच डब यायचा, आवाज निघून जातो, ड्रम आणि बेस उरतात, एको कुठे मारायचा ते त्यातून शिकता येतं.

सेटमध्ये हे पहिलं गाणं करू नका. लोक अजून जेवणाच्या प्लेट घेऊन फिरत असतात. दोन-तीन नाचरी गाणी होऊ द्या, थोडे दमले, जवळ आले की मग. दुसऱ्यांदा धृपद येईल तेव्हा बेस आणि ड्रम ठेवून बाकीचे थांबा, तिसऱ्यांदा तेही थांबवा आणि गायिकेने माइक लोकांकडे करावा. गोव्यात शॅकवर हे कधी फसलेलं मी बघितलं नाही, गाणं माहीत नसलेले लोकही तोपर्यंत ते शिकलेले असतात, पुण्यात कॉर्पोरेट पार्टीत मात्र पहिल्या टेबलावर कोण बसलंय त्यावर आहे. लोक गात असतील तर मोजून थांबू नका, जेवढं चालतंय तेवढं चालू द्या, फक्त परत यायची खूण आधी ठरवून ठेवा. आमच्याकडे ड्रमर हाय-हॅट एकदा उघडतो आणि पुढच्या ओळीला सगळे आत येतो. खूण ठरवली नसेल तर अर्धे येतात, अर्धे राहतात, आणि लोकांना वाटतं वीज गेली.